दालचिनी : नाव एक, साली दोन

माझ्या नावामागे 'डॉक्टर' आहे हे मंडळातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. ती पदवी अभियांत्रिकीतली आहे आणि मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. गणपतीच्या पंगतीत कोणी ना कोणी हळूच विचारतेच, "डॉक्टर, साखरेसाठी ती दालचिनी घेतात, ती चांगली का हो?" तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंत मी छातीठोकपणे सांगत असे, "घ्या की! रोज सकाळी चमचाभर, कोमट पाण्यातून. आमचे अण्णा घेतात." प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे. एकेकाच्या कानात ती करत बसण्यापेक्षा एकदाच छापून टाकलेली बरी. ती करता करता मी पार हिरोडोटसपर्यंत जाऊन आलो, त्याला मात्र वाचकांनी क्षमा करावी.

आमचे अण्णा दापोलीजवळच्या गावी असतात. वय अठ्ठ्याहत्तर, वजन बावन्न किलो, मधुमेह जुना. कुठल्याशा मासिकात त्यांनी दालचिनीचे गुण वाचले आणि मला फोन केला, "तिकडे आखातात मसाले चांगले मिळतात म्हणे. जरा दालचिनीची पूड धाड." मी आज्ञाधारक मुलासारखा मनामाच्या बाजारात गेलो आणि चांगली लालभडक, खमंग वासाची अर्धा किलो पूड घेऊन गावी जाणाऱ्या एका स्नेह्याबरोबर पाठवली. ती संपली तेव्हा आणखी पाठवली. असे वर्षभर चालले. पुढे नेहमीच्या रक्ततपासणीत अण्णांच्या यकृताचे आकडे वाढलेले निघाले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी चालू गोळ्यांची चौकशी केली, मग काढे-चूर्णांची केली, आणि चमच्याची गोष्ट ऐकल्यावर विचारले, "दालचिनी म्हणजे कुठली?"

अण्णांनी रात्री फोनवर मला तोच प्रश्न विचारला. "अरे, डॉक्टर विचारतात कुठली दालचिनी. कुठली म्हणजे काय? दालचिनी ती दालचिनी. तू इंजिनियर ना, बघ जरा."

मी बघू लागलो.

हूरामध्ये आमचे घर एक्झिबिशन रोडच्या मागच्या गल्लीत आहे. खाली कोल्ड स्टोअर, पलीकडे इस्त्रीवाला, आणि दहा मिनिटांवर बैत अल् कुरआन. माझ्या कचेरीतला एक सहकारी श्रीलंकेचा, गॉलच्या बाजूचा. त्याला ही हकिगत सांगितली तेव्हा तो हसला आणि दुसऱ्या दिवशी घरून कागदात गुंडाळून चार कांड्या घेऊन आला. त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी दोन्ही साली शेजारी शेजारी ठेवल्या. बाजारातून आणलेली जाड, तांबूस-काळपट, लाकडासारखी कडक. दोन्ही कडा आतल्या बाजूला वळलेल्या, उघड्या पोथीसारख्या. खलबत्त्याशिवाय ती तुटेना. सहकाऱ्याने दिलेली फिकट, गव्हाळ रंगाची. कागदासारख्या पातळ सालीचे दहाबारा पदर एकात एक घालून विडीसारखी वळलेली. बोटांत धरून चुरली तर चुरा झाली. पहिलीची चव जिभेवर चढणारी, तिखट-गोड, पाठीमागून किंचित कडवट. दुसरीची सौम्य, लवंगेची आठवण देणारी. सौ. म्हणाली, "हे दोन वेगळे मसाले आहेत." एवढे सरळ वाक्य बोलायला मला पुढे तीन महिने वाचन करावे लागले.

दुसरी सगळ्यांत जुनी ओळख असलेली खरी दालचिनी. तिचे शास्त्रीय नाव सिनॅमोमम व्हेरम, म्हणजे शब्दशः 'खरे'. जुन्या पुस्तकांत सिनॅमोमम झेलॅनिकम. तिचे माहेर श्रीलंका. पहिली ती कॅशिया. हे एक झाड नसून तिच्या तीन चुलतबहिणी आहेत: चीनची, इंडोनेशियाची आणि व्हिएतनामची. जगाच्या बाजारात 'दालचिनी' म्हणून जे काही विकले जाते त्यातला मोठा वाटा या चुलतबहिणींचाच. भारताच्या अन्नविषयक नियमांत दोघींना वेगवेगळी नावे आहेत, एकीला दालचिनी आणि दुसरीला तज. पण नियम पुस्तकात आणि तज दालचिनीच्या बरणीत, अशी सर्वसाधारण स्थिती.

आणि गंमत अशी की या घोटाळ्यात आपली भाषाच सामील आहे! 'दालचिनी' हा शब्द फारसी 'दारचीनी'वरून आला. दार म्हणजे लाकूड, चीनी म्हणजे चीनचे. तेव्हा आपण श्रीलंकेच्या सालीला जे नाव देतो ते मुळात चिनी सालीचे, म्हणजे कॅशियाचे आहे. बहारीनमधले अरबही 'दारसीन'च म्हणतात. इजिप्तचा अरब 'किर्फा' म्हणतो, ज्याचा अर्थ नुसती साल. इथे पाहुण्याला चहाऐवजी दारसीनचे लालसर पाणी देतात, ते आपल्यापैकी बऱ्याच जणांनी प्यायले असेल. संस्कृतात हा गोंधळ नाही, कारण तिथेही सरळ 'त्वक्' म्हणजे साल असे म्हटले आहे. कोणत्या झाडाची ते वैद्याने जाणावे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला या रोगाची ओळख आहे. दोन निराळ्या वस्तूंना एकच नाव दिले की चूक तिथे दिसत नाही, शंभर ओळींनंतर दिसते. इथे ती दोन हजार वर्षांनंतर आमच्या अण्णांच्या रक्तात दिसली.

दोन हजार वर्षे म्हणतो ती अतिशयोक्ती नव्हे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात हिरोडोटसने अरबांकडून ऐकलेली गोष्ट लिहून ठेवली आहे. दालचिनीच्या काड्या कुठे उगवतात ते कोणालाच माहीत नाही. मोठाले पक्षी त्या आणतात आणि उभ्या कड्यांवर चिखलाने घरटी बांधतात. अरब लोक बैलांच्या आणि गाढवांच्या मांसाचे मोठे तुकडे खाली ठेवून दूर उभे राहतात. पक्षी ते तुकडे घरट्यात नेतात, घरटी ओझ्याने कोसळतात आणि काड्या खाली पडतात. कॅशियाची गोष्ट वेगळी: ती एका उथळ तळ्यात उगवते, तिथे वटवाघळांसारखे किंचाळणारे प्राणी असतात आणि अंगभर कातडी गुंडाळून तिथे उतरावे लागते. म्हणजे पाहा, ग्रीकांना साली दोन आहेत हे ठाऊक होते, एवढेच की दोन्हींची झाडे कोणी पाहिली नव्हती. पुढे पाचशे वर्षांनी रोमन प्लिनी याच गोष्टींवर वैतागला. त्याने स्पष्टच लिहिले की मालाचा भाव चढवण्यासाठी व्यापाऱ्यांनी रचलेल्या या थापा आहेत. मला या प्लिनीबद्दल एकदम आपुलकी वाटली. मनामाच्या दुकानात "ये असली है?" असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचा तो मूळपुरुष.

पहिल्या शतकातले 'पेरिप्लस' हे खलाशांचे मार्गदर्शक पुस्तक आपल्या ओळखीचे असेल. त्यात सोपारा, कल्याण, चौल ही आपली बंदरे आहेत. त्यात कॅशिया मिळते ती आजच्या सोमालियाच्या किनाऱ्यावर! तिथे तर हे झाड वाढत नाही. मग तो माल येत कुठून होता यावर इतिहासकारांचे वाद आहेत. पूर्वेकडून येणाऱ्या गलबतांनी तो तिथे उतरवला आणि ग्राहकाला मूळ ठिकाण कधी कळू दिले नाही, हे मत मला पटते. तशी अडत अजूनही चालते. भारतातून मात्र रोमला याच कुळातली एक वस्तू उघडपणे जात होती. केरळच्या मुझिरिस बंदरातून जाणारे 'मालाबाथ्रम' म्हणजे दुसरे तिसरे काही नसून तमालपत्र. त्या शब्दातच आपले तमालपत्र वाकडेतिकडे होऊन बसलेले आहे.

श्रीलंकेच्या दालचिनीचा नाव घेऊन केलेला उल्लेख फार उशिरा, तेराव्या शतकाच्या आसपास सापडू लागतो. १३४४ साली इब्न बतूता त्या बेटावर उतरला. पुत्तलमच्या किनाऱ्यावर त्याने नद्यांच्या पुराबरोबर वाहून आलेल्या दालचिनीच्या लाकडाचे ढीग पाहिले. मलबार आणि चोलमंडळचे लोक येऊन ते फुकट उचलून नेत. त्या बदल्यात राजाला थोडे कापड वगैरे भेट दिले की झाले. दोनशे वर्षांनी ज्या सालीसाठी तोफा डागल्या गेल्या ती तेव्हा सरपणासारखी पडलेली होती, हे वाचून वाचणाराही क्षणभर थांबतो.

आता आपल्या घराजवळचा साक्षीदार. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा होती, आणि मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. (मुंबईत दोन खोल्यांसाठी आयुष्य वेचलेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) त्याने १५६३ साली गोव्यात छापलेला औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ ही भारतात छापलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी एक. ग्रंथ संवादाच्या रूपात आहे: युरोपातून नुकताच आलेला एक विद्वान प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो. दालचिनीच्या प्रकरणात तो सांगतो की चिनी गलबते ही साल होर्मुझला आणत, म्हणून फारसी लोक तिला 'चीनचे लाकूड' म्हणू लागले. होर्मुझ म्हणजे आपल्या या आखाताचे दार. तेव्हा ज्या पाण्यावरून आपण कॉजवेने मुहर्रकला जातो, त्याच पाण्याच्या तोंडाशी आपल्या मराठी शब्दाचे बारसे झाले असे म्हणायला हरकत नाही. सिलोनची साल उत्तम आणि मलबारची रानटी साल हलकी हेही ओर्ता जाणून होता. पोर्तुगीज त्या मलबारी सालीला रानदालचिनी म्हणत. मात्र जुन्या ग्रीक ग्रंथांतली वेगवेगळी नावे एकाच वस्तूची आहेत, फरक फक्त प्रदेशाचा, असे त्याचे मत पडले. त्याने अर्धा गुंता सोडवला आणि अर्धा घट्ट केला. बिचाऱ्याच्या हाडांनाही शांती मिळाली नाही. तो मूळचा ज्यू म्हणून १५८० साली इन्क्विझिशनने त्याचे अवशेष उकरून जाळले.

पोर्तुगीज १५०५ साली श्रीलंकेला पोहोचले आणि कोट्टेच्या राजाकडून दालचिनीच्या रूपाने खंडणी घेऊ लागले. कँडीच्या राजाने त्यांना घालवण्यासाठी १६३८ मध्ये डचांशी तह केला. डच आले, १६५६ मध्ये कोलंबो जिंकले, आणि राजाला दिलेला शब्द विसरले. त्यांची मक्तेदारी पोर्तुगीजांपेक्षा कडक. साल सोलण्याचे काम सालागम या जातीकडे होते. हे लोक मूळचे दक्षिण भारतातून गेलेले विणकर, अशी त्यांचीच परंपरा सांगते. मुलगा हाताशी आला की त्याच्या नावावर ठरावीक वजनाची साल लिहिली जाई, आणि ती त्याने दरवर्षी रानातून आणून द्यायची. चोरून साल विकणे किंवा झाड तोडणे यासाठी देहदंडापर्यंत शिक्षा होती. इकडे लोक रानात हत्ती आणि जळवांमध्ये साल गोळा करत होते आणि तिकडे ॲमस्टरडॅममध्ये १७६० च्या सुमारास भाव पडू नये म्हणून मसाल्यांची होळी पेटवली जात होती. मला इतिहासातल्या लढाया फारशा लक्षात राहत नाहीत. ही होळी मात्र डोक्यातून जात नाही.

रानातला पुरवठा अपुरा पडू लागला तेव्हा १७६०च्या दशकाच्या अखेरीस डचांनी पद्धतशीर लागवड सुरू केली. कोलंबोत 'सिनॅमन गार्डन्स' नावाची श्रीमंत वस्ती आहे ती त्या मळ्यांवरच उभी आहे. १७९६ मध्ये इंग्रज आले, १८३३ मध्ये मक्तेदारी संपली, आणि लगेच खरा प्रतिस्पर्धी दारात उभा राहिला: कँटनची स्वस्त कॅशिया. तोफांनी जे झाले नाही ते भावाने केले. बेकरीवाल्याला आणि मसाला दळणाऱ्याला वासाशी मतलब. दळलेल्या पुडीत कोण कोणाला ओळखणार? इंग्रजांनी आपल्याकडेही खटपट केली होती. केरळात कन्नूरजवळ अंजरकंडी इथे अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीचा मसाल्यांचा मळा होता, मर्डॉक ब्राऊन नावाच्या गृहस्थाच्या देखरेखीखाली, आणि तिथली दालचिनी पुढे बराच काळ नावाजलेली होती.

एवढा इतिहास झाल्यावर प्रश्न उरतो: वासाचा फरक असेल, भावाचा असेल, पण अण्णांच्या यकृताशी याचा संबंध काय?

दोन्ही सालींचा मुख्य वास सिनॅमाल्डिहाइड या द्रव्याचा. खऱ्या दालचिनीत त्याच्या जोडीला लवंगेतले युजेनॉल आणि इतर सुगंधी तेले असतात, म्हणून ती मवाळ लागते. झाडाच्या पानात युजेनॉलच प्रमुख आणि मुळाच्या सालीत चक्क कापूर. एकाच झाडाची तीन दुकाने. कॅशियात मात्र कुमारिन नावाचे आणखी एक द्रव्य भरपूर असते. ताज्या कापलेल्या गवताला जो गोड वास येतो तोच हा. खऱ्या दालचिनीत ते नाममात्र असते. कुमारिन जास्त प्रमाणात आणि सतत पोटात गेले तर काही माणसांच्या यकृताला बाधते. अमेरिकेने १९५४ सालीच खाद्यपदार्थांत ते वेगळे घालायला बंदी केली. (रक्त पातळ करण्याची गोळी याच घराण्यातल्या दुसऱ्या रेणूपासून निघाली; कुमारिन स्वतः रक्त पातळ करत नाही. या दोहोंची गल्लत फार होते.) युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००४ साली मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.१ मिलिग्रॅम. २००६ मध्ये जर्मनीच्या सरकारी संस्थेने नाताळच्या दालचिनी बिस्किटांवरून इशारा दिला, आणि २०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये दालचिनीच्या गोड गुंडाळ्या आता संपणार की काय यावर मोठा गदारोळ झाला. त्या वाचल्या.

आता साधे गणित. अण्णांचे वजन बावन्न किलो, म्हणजे मर्यादा रोज ५.२ मिलिग्रॅम. कॅशियाच्या पुडीत किलोमागे सुमारे तीन ग्रॅम कुमारिन धरा. जर्मन संस्थेने सरासरी साधारण तशीच सांगितली आहे, काही माल याहून कितीतरी अधिक भरतो. अण्णांचा चमचा मी पुढे मुद्दाम वजन करून पाहिला. शिगोशीग भरला तर तीन ग्रॅम. तीन ग्रॅममध्ये नऊ मिलिग्रॅम. रोज, वर्षभर, सकाळी, उपाशी पोटी. आणि पूड मी पाठवलेली.

डॉक्टरांनी चमचा बंद करायला सांगितला. अडीच महिन्यांनी आकडे जाग्यावर आले. यावरून काही सिद्ध होते का? होत नाही. त्याच सुमारास त्यांची एक गोळीही बदलली होती, आणि एका माणसावरच्या प्रयोगाला प्रयोग म्हणत नाहीत, हे मीच माझ्या हाताखालच्या मुलांना सांगतो. वरची मर्यादाही आयुष्यभर रोज घेण्यासाठी काढलेली आहे. ती ओलांडली की दुसऱ्या दिवशी माणूस आजारी पडतो असे मुळीच नाही. पण त्यानंतर आईने ती बरणी घासून तिच्यात जिरे भरले, आणि मी त्यावर काही बोललो नाही.

बरे, साखरेचे काय? मासिकांतल्या बहुतेक लेखांचे मूळ २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, पेशावरला केलेल्या एका अभ्यासात आहे. साठ रुग्ण, चाळीस दिवस, रोज एक, तीन किंवा सहा ग्रॅम. उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्क्यांनी उतरली असे त्यात आढळले. मासिके एक गोष्ट सांगत नाहीत: त्यात वापरलेली साल कॅशियाच होती. पुढे इतरांनी प्रयोग केले तेव्हा उत्तरे वेगवेगळी आली. २०१२ साली दहा चाचण्या आणि ५७७ रुग्ण एकत्र धरून झालेल्या कॉक्रेन आढाव्याने मधुमेहासाठी दालचिनीची शिफारस करावी इतका पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. तेव्हा पंगतीतल्या प्रश्नाचे दुरुस्त उत्तर असे: गोळीच्या जागी दालचिनी नको, चमच्याने तर नकोच, आणि हौसेने रोज घ्यायचीच असेल तर आधी आपल्या खऱ्या डॉक्टरांना विचारा आणि साल खरी घ्या.

मसाल्यात घालायला भीती नाही. आपल्या लोकांना प्रमाणाची अक्कल जुनी आहे. सितोपलादी चूर्णाचे प्रमाण पाहून मी तर उडालोच: खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन आणि दालचिनी एक. संगणकवाल्याला याहून सुंदर पाककृती कोणी दिली नसेल! आणि त्यात दालचिनी सगळ्यांत कमी. गोड्या मसाल्यातही किलोभर धण्यांमागे ती मूठभरच असते. जाता जाता, त्या मसाल्यात आपण काळे नागकेशर म्हणून घालतो तेही बहुतेक वेळा दालचिनीच्याच कुळातल्या झाडाची वाळलेली कोवळी फळे असतात. खरे नागकेशर हे निराळ्याच झाडाच्या फुलातले पुंकेसर. तिथेही नाव एक आणि वस्तू दोन. मी तो धागा ओढला नाही, नाहीतर हा अंक माझ्यानेच भरला असता.

ओळखायचे कसे, हे विचारणाऱ्यांसाठी: पूड घेऊ नका, साल घ्या. एकाच जाड पदराची, कडक, दोन्हीकडून वळलेली ती कॅशिया. पातळ पदरांची, हाताने चुरणारी ती खरी. खात्री करायची तर सालीचा काढा गाळून, गार करून त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. कॅशियात पिष्ठ जास्त, त्यामुळे रंग गडद निळा होतो. खऱ्या दालचिनीत जेमतेम बदलतो. पुडीचा आणखी एक धोका २०२३ मध्ये अमेरिकेत दिसला. लहान मुलांच्या सफरचंदाच्या गराच्या पाकिटांत घातलेल्या दालचिनीच्या पुडीत शिसे निघाले आणि कित्येक मुलांच्या रक्तात ते पोहोचले. ती साल कोणत्या झाडाची, हा तिथे प्रश्नच नव्हता. दळताना कोणी काय मिसळले, हा होता. श्रीलंकेच्या सालीला २०२२ पासून युरोपात भौगोलिक नावाचे संरक्षण मिळाले आहे, म्हणजे तिथे 'सिलोन सिनॅमन' हे नाव आता दुसऱ्या सालीला लावता येत नाही. हिरोडोटसपासून पाहिले तर प्रगती म्हणायची.

आता कोकणाकडे वळतो, कारण शेवटी अण्णांनीच माझ्यावर कडी केली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९२ साली खऱ्या दालचिनीची 'कोकण तेज' ही जात दिली. नारळाच्या सावलीत ती छान वाढते. रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने नारळ, जायफळ, मिरी आणि दालचिनी एकत्र लावायच्या ज्या 'लाखी बागे'चा प्रसार केला, तिच्यात ती असतेच. म्हणजे मी मनामाहून चीनचे लाकूड दापोलीला पाठवत होतो तेव्हा खरी साल आमच्या शेजारच्या तात्यांच्या वाडीत, आमच्या गडग्यापासून शंभर पावलांवर उभी होती. तात्या तिची पाने पुलावात टाकत. साल सोलण्याची खटपट त्यांनी कधी केली नव्हती.

गेल्या पावसाळ्यानंतर मी रजेवर गेलो तेव्हा अण्णा म्हणाले, "चल, सोलून बघू." हे झाड वाढू द्यायचे नसते. ते जमिनीलगत छाटायचे, मग बुंध्यापासून सरळ धुमारे फुटतात, आणि ते अंगठ्याएवढे जाड झाले की कापायचे. कोवळी लाल पालवी हिरवी होऊ लागली की साल सुटायला आली असे समजतात. वरचा करडा पापुद्रा खरवडायचा, पितळेच्या दांडीने साल घासून सैल करायची, वीतभर अंतरावर दोन गोल चिरे द्यायचे, एक उभा, आणि साल अखंड सोडवायची. श्रीलंकेतले कारागीर पदरात पदर घालून साडेतीन फूट लांब नळी करतात आणि तिच्या पोटात तुकडे भरतात. आमच्याकडे पितळेची दांडी म्हणून आईचे लाटणे आले, ते लाकडाचे. पहिल्या चार काठ्यांच्या साली चिंध्या होऊन निघाल्या. तात्या खुर्चीत बसून सूचना करत होते, त्यांचा उपयोग झाला नाही. पाचव्या काठीची साल अण्णांनी सोडवली, अख्खी, न फाटता. हात थरथरत होते, पण सुरी थरथरली नाही.

सावलीत पाच दिवस वाळल्यावर साल आपोआप वळली. वेड्यावाकड्या सात-आठ सुरळ्या झाल्या. आई म्हणाली, "सालीचा वास तुमच्या कपड्यांनाही लागलाय." अण्णांनी एक तुकडा चघळून पाहिला, खुशीत मान हलवली आणि दुसरा तुकडा मागितला. आईने दिला नाही.

त्या सुरळ्या मी हूराला घेऊन आलो. पूर्वी सामान इकडून तिकडे जायचे. एक सुरळी खिशात घालून मनामाच्या त्याच दुकानात गेलो. दुकानदार केरळचा, माझ्याच वयाचा, वीस वर्षे तिथे बसलेला. त्याला दोष द्यायचा माझा विचार नव्हता. मीच कधी त्याला "कुठली" म्हणून विचारले नव्हते. त्याने सुरळी नाकाशी धरली, टोकाचा कण मोडून जिभेवर ठेवला आणि काउंटरवर वाकून हळूच विचारले, "साब, ये माल कितना किलो मिलेगा?"

"साठ ग्रॅम," मी म्हणालो. "आणि तेही अण्णांनी दिले तर."